सॉफ्टबॉल-बेसबॉल असोसिएशन : नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की माझा फोन पण सुरू होतो. "मॅडम, मुलीला सॉफ्टबॉल लावायचंय, सर्टिफिकेट मिळतं ना?" पासून "बेसबॉल म्हणजे तेच ना ते?" पर्यंत सगळं. मी शाळेपासून शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर) खेळले, आता गुडघा ऐकत नाही म्हणून मॅचचं स्कोअरिंग करते आणि संध्याकाळी मुलांना शिकवते. कुठल्याच असोसिएशनची पदाधिकारी नाही, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते ग्राउंडवर उभं राहून दिसतं तसं लिहिलंय. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून काढलं.

सॉफ्टबॉल आणि बेसबॉल एकच ना? फक्त बॉल वेगळा?

भावकी एक, घरं दोन. दोन्हीत नऊ जण फिल्डिंगला, चार कोपऱ्यांचा डायमंड (होम प्लेटवरून बॅटर मारतो, बाकी तीन कोपऱ्यांवर बेस), तीन स्ट्राइकला (मारायला हुकलेल्या किंवा सोडलेल्या चांगल्या बॉलला) आऊट, तीन आऊट झाले की साइड बदल. पण बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, हात वरून फिरवून बॉल टाकतो आणि सॉफ्टबॉलमध्ये खालून, कमरेजवळून, हात पूर्ण गोल फिरवून. बेसबॉलचा घेर ९ ते सव्वानऊ इंच, सॉफ्टबॉलचा १२ इंच. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, सॉफ्टबॉलमध्ये ६०. बेसबॉलच्या नऊ इनिंग, सॉफ्टबॉलच्या सात. अजून एक, सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही, सोडला की आऊट. बेसबॉलमध्ये आधीच चार पावलं पुढे सरकून पिचरला डिवचत उभं राहता येतं. बेसबॉलवाली मुलं सॉफ्टबॉलला आली की पहिला आठवडा यावरच आऊट होतात.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ चा, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी हार्वर्ड-येलच्या फुटबॉल मॅचच्या निकालाची वाट बघत पोरं बसली होती, निकाल कळल्यावर एकाने मजेत बॉक्सिंग ग्लोव्ह दुसऱ्याकडे भिरकावला, त्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसाने तिथल्या तिथे त्या ग्लोव्हचा बांधून बॉल केला आणि खडूने आत हॉलमध्येच डायमंड आखला. म्हणजे आपण गॅलरीत मोज्याचा बॉल करून खेळतो ना, तसलाच प्रकार. सॉफ्टबॉल हे नाव खूप नंतर, १९२६ मध्ये पडलं.

मग भारतात दोघांची संस्था एकच का नाही?

कारण दोन्ही खेळ आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी आणले. सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडिया १९६१ ची, राजस्थानात जोधपूरला सुरू झाली, दशरथमल मेहता यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. पहिली नॅशनल पण जोधपूरलाच, १९६७ मध्ये. बेसबॉलची संस्था म्हणजे अमॅच्युअर बेसबॉल फेडरेशन ऑफ इंडिया, ती १९८३ ची, दिल्लीची. मध्ये बावीस वर्षं गेली. तोवर सॉफ्टबॉलवाल्यांची राज्याराज्यात, जिल्ह्याजिल्ह्यात घडी बसलेली होती, बेसबॉलवाल्यांनी आपली वेगळी बसवली. त्यामुळे महाराष्ट्रात पण सॉफ्टबॉलची राज्य संघटना वेगळी, बेसबॉलची वेगळी, आणि जिल्ह्यात आलात की बऱ्याच ठिकाणी ग्राउंड तेच, कोच तेच, बॅनर तेवढं बदलतं.

जगाच्या पातळीवर मात्र २०१३ मध्ये दोन्हींची एकच संस्था झाली, वर्ल्ड बेसबॉल सॉफ्टबॉल कॉन्फेडरेशन, ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये. त्याआधी तिथेही दोन होत्या. एकत्र का आल्या तर सरळ कारण आहे, दोन्ही खेळांना ऑलिम्पिकमधून बाहेर काढलं होतं आणि वेगवेगळं दार ठोठावून कोणी उघडत नव्हतं.

आपल्याकडे पण एकत्र करून टाकायला काय हरकत?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा "आपल्याकडेच असं का" या सुरात विचारतात, म्हणून सांगते, हे आपल्याकडेच नाही. खुद्द अमेरिकेत यूएसए बेसबॉल आणि यूएसए सॉफ्टबॉल वेगळ्या आहेत. जपानमध्ये वेगळ्या. दुसरीकडे फ्रान्स, नेदरलँड्स, इटली इथे एकच फेडरेशन दोन्ही बघतं, नेदरलँड्सची बेसबॉल संस्था तर १९१२ ची, सॉफ्टबॉल नंतर तिच्यात आलं. ब्रिटनने मधला रस्ता काढला, दोन फेडरेशन तशीच ठेवली आणि २००० मध्ये दोघांनी मिळून एक कामकाजाची एजन्सी काढली, शाळांमध्ये खेळ नेणं, कोच तयार करणं, निधी आणणं ही कामं तिच्याकडे.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला ब्रिटनवाला प्रकार आवडतो. खुर्च्या एकत्र करायला गेलं की भांडणं होतात, दोन अध्यक्षांचा एक अध्यक्ष करायचा म्हणजे एकाला उठवायचं. पण अंपायरचं ट्रेनिंग, ग्राउंड, बॉलची खरेदी, तारखांचं कॅलेंडर एवढं जरी एकत्र झालं तरी पुष्कळ. एकाच आठवड्यात सॉफ्टबॉलची राज्य आणि बेसबॉलची निवड चाचणी आली की त्या पोराने काय करायचं हो?

असोसिएशन नक्की करते काय? नुसत्या स्पर्धा घेते का?

स्पर्धा हे दिसणारं काम. त्याशिवाय खेळाडूंची नोंदणी, राज्याचा संघ निवडणं, त्याचं शिबिर, अंपायर आणि स्कोअररच्या परीक्षा, आंतरराष्ट्रीय नियमात बदल झाला की तो खालपर्यंत पोचवणं, वयाच्या दाखल्यांची तपासणी. देशाच्या संस्थेकडे याच्या वर अजून दोन कामं, भारताचा संघ निवडून बाहेर पाठवणं आणि दिल्लीत क्रीडा मंत्रालयाशी मान्यतेचा आणि पैशाचा व्यवहार सांभाळणं.

साखळी अशी असते: क्लब किंवा शाळा, मग जिल्हा संघटना, मग राज्य, मग देश, मग आशिया आणि जग. तुम्ही कितीही चांगले खेळत असाल तरी मधली पायरी गाळून वर जाता येत नाही. दिल्लीला थेट मेल टाकून "माझ्या मुलाला इंडियात घ्या" म्हणणारे पालक मी पाहिलेत, उत्तर येत नाही, येणार पण नाही.

शाळेकडून खेळणं आणि असोसिएशनकडून खेळणं, फरक काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जातो, त्यामुळे नीट वाचा.

शालेय स्पर्धा सरकारच्या. आपल्या राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय, जिल्ह्यात जिल्हा क्रीडा अधिकारी, ज्याला सगळे डीएसओ ऑफिस म्हणतात. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. जिल्हा किंवा महापालिका पातळीवर जिंकलात की विभाग, राज्यात क्रीडा खात्याचे आठ विभाग आहेत, विभाग जिंकलात की राज्य, तिथे निवड झाली की स्कूल गेम्स फेडरेशनची नॅशनल. इथे तुम्ही शाळेच्या नावाने खेळता, प्रवेशिका शाळेकडून जाते, आणि शाळेने तारीख चुकवली तर मूल कितीही रडलं तरी काही होत नाही. त्यामुळे क्रीडा शिक्षकांच्या मागे तुम्हीच लागायचं, ते बिचारे एकटे बारा खेळ सांभाळत असतात.

असोसिएशनच्या स्पर्धा म्हणजे सबज्युनियर, ज्युनियर, सिनियर. इथे तुम्ही जिल्ह्याच्या नावाने खेळता, शाळेचा संबंध नाही. शाळेत सॉफ्टबॉल नसेल तरी जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाता येतं. कॉलेजला गेल्यावर तिसरा रस्ता उघडतो, विद्यापीठाचा, आंतरविद्यापीठ स्पर्धेत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत.

तिन्ही रस्ते एकाच वेळी चालू ठेवता येतात आणि ठेवावेत. एकाच रस्त्यावर अवलंबून राहिलेली मुलं बारावीनंतर गायब होतात.

नाव कसं नोंदवायचं? काय काय कागद लागतात?

जिल्हा संघटनेच्या सचिवांना भेटा, ते कोण हे डीएसओ ऑफिसमध्ये विचारलं की कळतं. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो, एवढं साधारण लागतं. जन्मदाखल्याबद्दल एक सांगते, उशिरा नोंद केलेला दाखला असेल तर वयोगटाच्या स्पर्धेत हमखास प्रश्न येतो, तेव्हा शाळेच्या पहिलीच्या जनरल रजिस्टरचा उतारा पण काढून ठेवा. आणि आधारवर, बोनाफाईडवर आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. एकीकडे नुसतं नाव-आडनाव, दुसरीकडे मध्ये वडिलांचं नाव, तिसरीकडे आडनाव आधी. पुढे सर्टिफिकेट तपासायची वेळ आली की यावरून महिनेच्या महिने जातात.

बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलात तर आधीच्या जिल्ह्याचं ना हरकत पत्र घ्यायचं. एका वर्षात दोन जिल्ह्यांकडून खेळण्याचा चलाखपणा करू नका.

सर्टिफिकेटचा उपयोग काय? दहावीला मार्क मिळतात ना?

मिळतात. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे वाढीव गुण असतात, प्रस्ताव शाळेतून डीएसओ ऑफिसमार्गे बोर्डात जातो. किती गुण ते कुठल्या पातळीवर खेळलात यावर ठरतं, आणि नियम मधून मधून बदलतात त्यामुळे त्या वर्षीचं परिपत्रक शाळेकडून मागून वाचा, मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला किती मिळाले यावर जाऊ नका.

नोकरीसाठी राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण सर्टिफिकेट हातात आहे म्हणजे झालं असं नाही, पदाचा गट जितका वरचा तितकी स्पर्धेची पातळी आणि क्रमांकाची अट कडक, आणि सर्टिफिकेटची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून आधी करून घ्यावी लागते. पडताळणीत ते मूळ स्कोअरशीट, संघाची यादी, किती जिल्हे खेळले हे सगळं बघतात. म्हणून मी स्कोअरशीट इतकी जपून ठेवते, लोकांना वाटतं बाईला वेड आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या मॅचच्या कागदावर आपलं नाव ७ नंबरला लेफ्ट फिल्डला लिहिलेलं दाखवायला आलेली मुलगी मी पाहिली आहे, त्या एका ओळीवर तिचं काम अडलं होतं.

खेळात फार वर गेलात तर राज्याचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार आहे, सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना तो मिळालेला आहे.

एका "नॅशनल"ला बोलावणं आलंय, पैसे भरायला सांगतायत. जाऊ का?

थांबा. आधी तीन गोष्टी बघा. ही स्पर्धा घेणारी संस्था तुमच्या राज्य संघटनेला माहीत आहे का? संघात जाण्यासाठी निवड चाचणी झाली होती का, की फोन केला आणि सिलेक्शन झालं? आणि तुमच्या जिल्हा सचिवांचं यावर म्हणणं काय?

नावं सगळ्यांची सारखीच भारदस्त असतात, इंडिया, नॅशनल, फेडरेशन, इंटरनॅशनल, लोगोत तिरंगा आणि पृथ्वीचा गोल. आमच्याच बॅचची एक मुलगी अशाच एका स्पर्धेला गेली, नाव घेत नाही, दोन रात्री रेल्वेने प्रवास, तिथे गेल्यावर एकूण संघ चार, त्यातल्या दोघांच्या टी-शर्टवर राज्याचं नाव पेनने लिहिलेलं. गोल्ड मेडल मिळालं. मोठं, जड, सोनेरी. भरतीच्या वेळी त्या कागदाची किंमत शून्य निघाली, आणि तेवढ्यात तिची खरी ज्युनियर राज्य स्पर्धा हुकली होती त्याचं तर काहीच करता आलं नाही. मेडल अजून आहे तिच्या घरी, तिचा मुलगा खेळतो त्याच्याशी.

दोन्ही खेळ एकत्र खेळता येतात का?

येतात, आपल्याकडे भरपूर मुलं खेळतात. नोंदणी दोन्हीकडे वेगळी करायची. फिल्डिंग, बेस रनिंग, स्लाइडिंग (घसरत बेस गाठणं) सगळं कामाला येतं. फक्त पिचरने जपून. बेसबॉलचं वरून फेकणं आणि सॉफ्टबॉलचं विंडमिल, म्हणजे हात गोल फिरवून खालून टाकणं, हे खांद्यासाठी दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत, चौदा वर्षांच्या मुलाकडून एकाच महिन्यात दोन्ही करून घेणारा कोच असेल तर त्याला प्रश्न विचारा.

बेसबॉल मुलांचा आणि सॉफ्टबॉल मुलींचा खेळ ना?

ऑलिम्पिकमुळे हा समज झालाय, तिथे बेसबॉल फक्त पुरुषांचा आणि सॉफ्टबॉल फक्त महिलांचा असतो. बाकी जगात तसं नाही. पुरुषांचा सॉफ्टबॉल वर्ल्ड कप आहे, २०१९ मध्ये प्रागला अर्जेंटिनाने जपानला हरवून जिंकला होता. महिलांचा बेसबॉल वर्ल्ड कप २००४ पासून आहे आणि २००८ पासून जपानच्या बायका तो सोडायलाच तयार नाहीत, लागोपाठ सात वेळा जिंकल्यात. आपल्याकडे दोन्ही खेळांत मुलं-मुली दोघांच्या स्पर्धा होतात.

सॉफ्टबॉल सॉफ्ट असतो ना? लागत नाही ना?

नाव काय ठेवलंय कोणी जाणे. एकदा नडगीवर खाऊन बघा. वजन १७८ ते १९८ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षा जड, तो १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. बेसबॉल उलट हलका, १४२ ते १४९.

आणि वेग? महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून टाकते, म्हणजे १३.११ मीटर. मोनिका ॲबट या अमेरिकन पिचरचा २०१२ मधला एक बॉल ताशी १२४ किलोमीटरचा होता. हिशोब करा, प्लेटपर्यंत यायला ०.३८ सेकंद. बेसबॉलमध्ये अंतर १८.४४ मीटर, आरोल्डिस चॅपमन या पिचरचा २०१० चा विक्रमी बॉल ताशी १७० चा, त्याला लागतात ०.३९ सेकंद. म्हणजे बॅटरला मिळणारा वेळ जवळपास तेवढाच! "खालून टाकतात, सोपं असेल" म्हणणाऱ्या दादा लोकांना मी एकदा आमच्या सतरा वर्षांखालच्या मुलीसमोर उभं करते, तीन बॉलमध्ये चर्चा संपते.

त्यामुळे हेल्मेट पाहिजेच. कॅचरला (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणाऱ्याला) मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड पूर्ण. पिचर आणि थर्ड बेसवाल्या मुलांना फेस गार्ड घातला तर मी कौतुक करेन, हसणार नाही. फर्स्ट बेसला डबल बेस असतो, पांढरा फिल्डरचा आणि नारिंगी रनरचा, दोघांची टक्कर होऊ नये म्हणून. स्पर्धेत तो नसेल तर आयोजकांना विचारा.

सामानाला किती खर्च येतो?

सुरुवातीला फक्त ग्लोव्ह स्वतःचा घ्या, बाकी बॅट, हेल्मेट, कॅचरचं किट संघाचं असतं. उजव्या हाताने फेकणाऱ्याने ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा, हे दुकानदाराला पण माहीत नसतं, त्यामुळे दरवर्षी दोन-तीन पालक उलट्या हाताचा ग्लोव्ह घेऊन येतात आणि दुकानदार बदलून देत नाही. नवा ग्लोव्ह पापडासारखा कडक असतो, आत बॉल ठेवून दोरीने बांधून उशीखाली ठेवा, रोज थोडं तेल, पंधरा दिवसांत वळतो.

बॅटच्या नादी लागू नका. सॉफ्टबॉलची बॅट जास्तीत जास्त ३४ इंच लांब आणि सव्वादोन इंच जाडीची चालते, बेसबॉलची याहून जाड असते, म्हणून "मामांनी अमेरिकेतून आणलीय" म्हणून बेसबॉलची बॅट सॉफ्टबॉलला चालत नाही. अंपायर मॅचच्या आधी रिंगमधून बॅट घालून बघतात, अडकली की बाहेर.

आमच्या गावात ग्राउंडच नाही. मग?

खरं सांगायचं तर जिल्ह्यात पण बऱ्याचदा क्रिकेटच्या आउटफिल्डवर एका कोपऱ्यात फक्कीने डायमंड आखूनच खेळतो आम्ही. टेप, दोरी, चार खिळे आणि एक पोतं फक्की, दोन जण असले की अर्ध्या तासात आखून होतो. होम प्लेट म्हणून रबरी शीटचा १७ इंचाचा पाच कोनांचा तुकडा, बेस म्हणून वाळू भरलेल्या गोण्या पण चालवल्यात.

तेवढीही जागा नसेल तर बेसबॉल५ खेळा. जागतिक संघटनेनेच काढलेला प्रकार आहे, बॅट नाही, ग्लोव्ह नाही, पिचर नाही, रबरी बॉल स्वतःच हाताने मारायचा आणि पळायचं. पाच जणांचा संघ, मुलं-मुली एकत्र, पाच इनिंग, २१ मीटरच्या चौकात मावतो. शाळेचं बास्केटबॉल कोर्ट किंवा पार्किंगची मोकळी जागा पण पुरते. २०२२ मध्ये मेक्सिको सिटीला याचा पहिला वर्ल्ड कप झाला, क्युबाने जिंकला. लगोरी खेळणाऱ्या पोरांना पाच मिनिटांत कळतो.

ऑलिम्पिकमध्ये आहे का नाही? एकदा आहे म्हणतात, एकदा नाही.

दोन्ही बरोबर. बेसबॉल १९९२ ते २००८, महिला सॉफ्टबॉल १९९६ ते २००८. मग बाहेर. टोकियोला परत आले, दोन्हीत फायनलला जपानने अमेरिकेला २-० ने हरवलं. पॅरिसला पुन्हा नाही. २०२८ लॉस एंजेलिसला पुन्हा आहेत, आणि हा निर्णय झाला कुठे तर आपल्या मुंबईत, ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन मुंबईत होतं तिथे. पेपरमध्ये सगळी हेडलाइन क्रिकेटने खाल्ली, "क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये", आणि त्याच ठरावात आमचा खेळ पण होता हे तिसऱ्या परिच्छेदात. बेसबॉल डॉजर स्टेडियमवर, सॉफ्टबॉल मात्र लॉस एंजेलिसला नाहीच, पार ओक्लाहोमा सिटीला होणार. संघ प्रत्येकी सहाच, त्यामुळे भारत तिथे दिसेल असं मनात आणू नका, आधी आशियात जपान, तैवान, कोरिया, चीन, फिलिपिन्स यांच्यासमोर पाच इनिंग पूर्ण टिकायचं बघू. पाच इनिंग का, तर पाचव्यानंतर सात रनांचा फरक असला की सॉफ्टबॉलची मॅच तिथेच थांबवतात.

यात करिअर आहे का? अमेरिकेत कोटी कोटी मिळतात म्हणे.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही दोन नावं सगळे सांगतात. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, एका रिॲलिटी शोमधून निवडले गेले आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने त्यांना करारबद्ध केलं. पण हे दोघं आपल्या असोसिएशनच्या साखळीतून गेले नव्हते, बेसबॉल हातात धरून वर्ष पण झालं नव्हतं, नुसत्या हाताच्या वेगावर निवड. दोघंही छोट्या लीगमध्ये खेळले, मोठ्या लीगपर्यंत, म्हणजे मेजर लीगपर्यंत, पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये वीर महान नावाने उतरला.

अमेरिकेच्या मेजर लीगने २०१९ मध्ये दिल्लीत ऑफिस उघडलं, शाळांमध्ये त्यांचे उपक्रम असतात. दुबईत बेसबॉल युनायटेड नावाची खाजगी लीग आहे, त्यात मुंबई कोब्राज नावाचा संघ आहे, कराचीचा पण आहे, २०२५ च्या शेवटी पहिला सीझन झाला. नावात मुंबई आहे म्हणून निवड चाचणी मुंबईच्या असोसिएशनकडे असते असं नाही, लीगचा आणि फेडरेशनचा कारभार वेगळा.

बाकी आपल्याकडे करिअर म्हणाल तर शारीरिक शिक्षणाचा कोर्स, कोचिंग, अंपायरिंग आणि वर सांगितलेलं आरक्षण, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल.

निवडीत अन्याय झाला तर? दोन-दोन संघटना दावा करत असतील तर?

निवडीबद्दल आधी लेखी अर्ज, जिल्ह्याकडे, मग राज्याकडे, तारखेसह पोच घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या घालून काही होत नाही, उलट पुढच्या वर्षी नाव लक्षात ठेवतात. स्कोअरशीटची कॉपी मागा, बॅटिंग सरासरी आणि एरर (फिल्डिंगच्या चुका) त्यात दिसतात.

दोन गटांचं भांडण हा आपल्या क्रीडा संघटनांचा जुना आजार, फक्त आमच्या खेळाचा नाही. यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर झाला. त्यात फेडरेशनना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वादांसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे, आणि कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यात किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू असायला हवेत. वाचताना मला त्या "किमान चार महिला"वर जरा थांबायला झालं, आमच्या वेळी राज्याच्या मीटिंगला मी चहा देणारी सोडून एकटीच बाई होते.

सर्दीचं औषध घेतलं तर डोपिंगमध्ये अडकतो का?

अडकू शकता, वय लहान असलं तरी. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत बंदी असलेले घटक असतात. नॅशनलला जाणार असाल तर डॉक्टरला आधीच सांगा की मी खेळाडू आहे, आणि जिमवाल्याने दिलेली पावडर तर घेऊच नका.

मला खेळता येत नाही पण खेळ आवडतो. काही करता येईल?

स्कोअरर व्हा! माणसं मिळत नाहीत. सुरुवातीला गणिताच्या पेपरसारखं वाटतं. प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट ७-८-९. शॉर्टस्टॉपने बॉल उचलला, सेकंडला दिला, तिथून फर्स्टला, दोन आऊट, तर लिहायचं ६-४-३ बस. एकदा हात बसला की तीस वर्षांपूर्वीची मॅच कागदावरून डोळ्यांसमोर उभी राहते. अंपायरसाठी राज्य संघटनेची परीक्षा असते, लेखी आणि ग्राउंडवरची.

मुलगा क्रिकेट खेळतो, त्याला जमेल का? पहिल्या दिवशी काय आणायचं?

जमेल. फेक आणि कॅच तयार असतात, अर्धं काम झालेलं असतं. शूज, पाण्याची बाटली, टोपी आणि फुल पँट, कारण स्लाइडिंगला गुडघे सोलतात. वेळ साडेपाचची, पावणेसहाला आलात तर ग्राउंडला एक चक्कर जास्त.

फक्त एक सवय सुटायला वेळ लागतो. क्रिकेटवालं प्रत्येक पोरगं पहिला बॉल मारलं की बॅट हातात घट्ट धरून फर्स्ट बेसकडे पळतं, आणि तिथे पोचल्यावर वाकून बॅट बेसवर टेकवतं. आम्ही सगळे ओरडत असतो, "बॅट टाक, बॅट टाक!" त्याला वाटतं आपण त्याला चिअर करतोय, ते अजून जोरात पळतं.